आतला प्रकाश आणि कठड्यावरचा कप

मी दर रविवारी क्वेकरांच्या, म्हणजे इंग्लंडमध्ये निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, सभेला जाते हे कळलं, की सांगलीकडची आमची माणसं आधी विचारतात, "बाटलीस की काय?" क्वेकरांत बाप्तिस्माच नसतो, त्यामुळे तो विषय लवकर मिटतो. मग थोडं वाचलेलं कुणी विचारतं ते तुम्हीही विचारलंत : "क्वेकर ज्याला आतला प्रकाश म्हणतात, तो म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धीच ना?" आजवर "हो, तसंच काहीसं" म्हणून मी वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचं होतं, म्हणून आज नीट सांगते.

इंग्लंडमधल्या लँकेस्टरचं आमचं सभागृह रेल्वे स्टेशनला अगदी खेटून आहे. आत वेदी नाही, क्रूस नाही, पाद्री नाही. तासभर सगळे गप्प बसतात, गाड्या येतात-जातात. कुणाला आतून बोलावंच लागलं तर ते उभे राहतात, चार वाक्यं बोलतात आणि बसतात. त्यावर वाद नाही, टाळ्या नाहीत. शेवटी शेजारी बसलेले दोघं हातात हात देतात आणि सभा संपते. पुष्कळ रविवारी मला काहीही जाणवत नाही. तरी मी जाते.

खाडीच्या पलीकडे उल्व्हर्स्टन नावाचं गाव आहे. 1652 साली तिथल्या चर्चमध्ये क्वेकर पंथ सुरू करणारा जॉर्ज फॉक्स बोलायला उभा राहिला. विणकराचा मुलगा, जोडे शिवायचं काम शिकलेला, वय अठ्ठावीसच्या आतबाहेर. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : ख्रिस्त अमुक म्हणाला, प्रेषित तमुक म्हणाले, हे तुम्ही सांगाल, पण तुमचं स्वतःचं काय सांगणं आहे? न्यायाधीशाची बायको मार्गारेट फेल ते ऐकून आपल्या बाकावर बसून रडली. आपण सगळे चोर आहोत, असं तिला वाटलं. धर्मग्रंथातले शब्द तेवढे उचलले, आत त्यातलं काही ठाऊक नाही.

प्रकाशाने तिला पहिल्यांदा दाखवलं ते हे. आपल्या मनात प्रकाश म्हटलं की देवघरातली समई येते, शांत, सोज्वळ. सुरुवातीच्या क्वेकरांचा प्रकाश माळ्यावर बॅटरी मारावी तसा होता. काय काय कोंबून ठेवलंय ते आधी दिसतं. शांती असलीच तर त्यानंतरची.

आता सदसद्विवेकबुद्धी. रॉबर्ट बार्क्ले या स्कॉटिश क्वेकराने 1676 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात हाच भेद केला. त्याने दिलेली उपमा कंदिलाची आहे. विवेकबुद्धी म्हणजे कंदील, आणि प्रकाश म्हणजे त्यात लावलेली मेणबत्ती. नुसता कंदील अंधारात काय कामाचा? मी त्यात एवढीच भर घालते, की कंदिलाला काच असते आणि तिच्यावर घराण्याची, जातीची, गावाची काजळी धरते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या सांगलीच्या घरी मागच्या दारी, पडवीच्या कठड्यावर, कान तुटलेला एक कप पालथा असायचा. अंगण झाडायला येणाऱ्या बाईंचा. आजी त्यांना रोज चहा द्यायची, सणाला लुगडं द्यायची, त्यांच्या मुलीच्या बाळंतपणात तूप पाठवायची. माझ्या आजीइतकी मायाळू बाई मी कमी पाहिली. पण त्या कपापाशी तिची विवेकबुद्धी कधी अडखळली नाही. उलट तो कप घरातल्या कपांत मिसळला असता तरच तिला टोचणी लागली असती. आणि त्या कपात वरून, अंतर राखून, चहा ओतायचं काम माझं होतं. मी ते कॉलेजात जाईपर्यंत केलं. मला काहीही टोचलं नाही.

चाळिशी उलटल्यावर, लँकेस्टरमधल्या एका सकाळी, तो कप माझ्यासमोर आला. कुणी जातीवर बोललं नव्हतं, कुणीच काही बोललं नव्हतं. आवाजबिवाज आला नाही. कप दिसला, किटली धरलेला माझा हात दिसला, आणि मान वर न करता थांबलेल्या त्या बाई दिसल्या. उरलेला अर्धा तास मला तिथून नजर हलवता आली नाही.

म्हणून मी "नाही" म्हणते. जे माझ्या विवेकबुद्धीला वर्षानुवर्षं चाललं, ते ज्याने दाखवलं तो तिचाच आवाज कसा असेल?

क्वेकरही यातून सुटलेले नाहीत. अठराव्या शतकात अमेरिकेतले कितीतरी क्वेकर गुलाम बाळगून होते आणि दर आठवड्याला शांतपणे सभेला बसत होते. न्यू जर्सीतला जॉन वूलमन दुकानात कामाला असताना मालकाने एक गुलाम स्त्री विकली आणि विक्रीखत लिहायला त्याला सांगितलं. घेणारा म्हातारा क्वेकरच होता. वूलमनने ते लिहिलं. लिहिताना जीव इतका कासावीस झाला, की हे ख्रिस्ती धर्माला धरून नाही, असं त्याने दोघांच्या तोंडावर सांगितलं. पण लिहिलं. पुढे त्याने असे कागद नाकारले, घरोघर जाऊन गुलाम बाळगणाऱ्यांशी बोलत राहिला. 1758 साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कारभारातून दूर ठेवायचं ठरवलं. गुलाम बाळगायलाच मनाई व्हायला 1776 उजाडलं.

मग कुणीही उठून "माझ्या आतला प्रकाश असं सांगतो" म्हणेल, त्याचं काय? ती भीती खरी आहे. 1656 साली जेम्स नेलर हा मोठा क्वेकर उपदेशक घोड्यावर बसून ब्रिस्टलमध्ये शिरला, येशू जेरुसलेममध्ये शिरला तसा, पुढे-मागे स्तुती गाणारे भक्त. संसदेने त्याची जीभ तापल्या लोखंडाने भोसकली, कपाळावर डाग दिला. शिक्षा अमानुष होती. पण एकट्याला दिसलेलं सगळ्यांसमोर ठेवून पारखायचं, हे त्यानंतर क्वेकरांत अधिक घट्ट झालं. आजही कारभाराच्या सभेत मतदान नसतं. एकमेकांचं ऐकत, मध्ये गप्प होत, सभेचा कल कुठे आहे ते शोधतात. त्याला फार वेळ लागतो आणि मला तो लागलेला बरा वाटतो.

फॉक्ससाठी हा प्रकाश म्हणजे ख्रिस्तच होता. आज माझ्या शेजारी बसणारे सगळे तसं म्हणणार नाहीत. मीही म्हणत नाही. पण त्याला घाईने "आत्मज्योत" म्हणून आपल्या खणात ठेवून द्यावं, हेही मला पटत नाही. तसं केलं की "आपण सगळे चोर आहोत" हा भाग गळून पडतो.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा कप बदललेला होता, स्टीलचा पेला झाला होता, पण जागा तीच. आता त्या बाईंची सून येते. मी आमच्या कपांतले दोन भरून बाहेर नेले. तिने कप घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि उभ्यानेच प्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेला पुन्हा कठड्यावर पालथा होता. आईशी मी त्याबद्दल बोलले, अजून फोनवर बोलते.