ब्रिटनमधल्या हॉस्पिसच्या बागेत स्वयंसेवक माळी व्हायचं असेल तर

हॉस्पिस म्हणजे शेवटचा श्वास घ्यायची जागा, एवढंच आपल्याकडे डोक्यात असतं. ब्रिटनमध्ये बरेच पेशंट दुखणं, मळमळ, धाप आटोक्यात आणायला आठ-पंधरा दिवस येतात आणि घरी परत जातात. सेवा मोफत असते. खर्चाचा काही भाग सरकारकडून येतो, बाकीचा देणग्यांतून आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून उभा करावा लागतो. साहजिकच पगारी माळी असलाच तर एखादा, उरलेलं काम स्वयंसेवकांवर. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट क्रिस्टोफर्स सुरू केलं, आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे.

अर्ज, दोन ओळखीच्या व्यक्तींची पत्रं, छोटी मुलाखत आणि गुन्हेगारी नोंदींची डीबीएस तपासणी, असा साधारण क्रम. नुकतेच भारतातून आलेले असाल तर तिथलं पोलिस प्रमाणपत्र मागू शकतात. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनाही ही सेवा करता येते, पण व्हिजिटर व्हिसावर एकूण ३० दिवसांपर्यंतच आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच. धनुर्वाताची लस झाली आहे ना, तेही पाहून घ्या.

बाग कशी दिसते हे बागेत उभं राहून ठरवायचं नसतं. पेशंटच्या खोलीत जायची परवानगी घ्या, पलंगाशेजारी खुर्ची ठेवून मान उशीच्या उंचीला आणा आणि खिडकीबाहेर पाहा. खिडकीखालचा वाफा तिथून दिसतच नाही. तुम्ही तासभर खपून लावलेले पॅन्सी बाहेरून येणाऱ्यांसाठीच राहतात. खिडकीपासून दोन-तीन मीटरवर दीड मीटर उंचीचं, वाऱ्यावर हलणारं काहीतरी हवं: व्हर्बेना बोनारिएन्सिस, स्टिपासारखं उंच गवत, मागे एखादं बर्च. पक्ष्यांच्या दाण्याचं भांडं काचेपासून मीटरभराच्या आत टांगावं. लांबून वेगाने येणारा पक्षी काचेवर आपटतो, इतक्या जवळून उडालेल्याला तेवढा वेगच मिळत नाही. भांडं दर आठवड्याला धुवायचं, कारण साचलेल्या दाण्यातून ट्रायकोमोनोसिस हा पक्ष्यांचा आजार पसरतो आणि ग्रीनफिंच मरतात. बाकाच्या वर मात्र ते टांगू नका, खाली विष्ठा पडते.

दुसरा हिशोब वेळेचा. तीन वर्षांनी बहरणारा वेल जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर वाफा रिकामा ठेवू नका. इथला माणूस या आठवड्यात पाहणार आहे. म्हणून कुंड्या कामाच्या: मागच्या अंगणात वाढवायच्या, कळी फुटली की खिडकीसमोर आणायच्या, फूल उतरलं की परत न्यायच्या. ट्यूलिपचे कंद नोव्हेंबरमध्ये, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावायचे. दोन कुंड्यांत लवकर, दोन कुंड्यांत उशिरा फुलणाऱ्या जाती ठेवल्या तर एप्रिलपासून मेपर्यंत रंग टिकतो. डॅफोडिलची पानं फूल गेल्यावर सहा आठवडे कापू नका, कितीही गबाळी दिसली तरी. कंद पुढच्या वर्षीचं अन्न तेव्हाच साठवतो. थंडी न सोसणारी रोपं मेच्या अखेरीआधी उघड्यावर नकोत.

सुगंध म्हणजे चांगलाच, असंही नाही. केमोथेरपी किंवा मॉर्फिनमुळे मळमळत असेल तर लिली आणि हायसिंथचा वास असह्य होतो. त्या खिडकीपासून लांब. लव्हेंडर, रोझमेरी, पुदिना चालतात, कारण पान चुरडल्याशिवाय त्यांचा वास फारसा येत नाही. भेटायला नातवंडं येतात, म्हणून डिजिटॅलिस आणि आपल्या बचनागाच्या कुळातलं मंक्सहूड ही विषारी झाडं वाटेच्या कडेला नकोत.

कंपोस्टची पिशवी तोंड दुसरीकडे करून उघडा, हातमोजे घाला, भुसभुशीत कोरडं कंपोस्ट आधी ओलं करा. त्यात लिजिओनेला आणि ॲस्परजिलससारखे, श्वासातून फुप्फुसाला बाधणारे सूक्ष्मजीव असू शकतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाजवळ, उघड्या खिडकीखाली कुंड्या भरायच्याच नाहीत. पेट्रोलवरची यंत्रं टाळलेलीच बरी. ऑक्सिजन लावलेला पेशंट बाहेर बसलेला असेल तेव्हा जवळपास पेट्रोल भरणं तर सोडाच. बॅटरीची यंत्रंसुद्धा नर्सला विचारून चालवा. पाला उडवायच्या यंत्रापेक्षा दाताळं बरं. कुंपणाची मोठी छाटणी मार्च ते ऑगस्ट नको, आत घरटी असतात.

वाटेकडे फुलांपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. व्हीलचेअरला १.२ मीटर रुंदी पुरते, पण पलंगच बाहेर आणायचा तर तो जवळजवळ एक मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर लांब असतो, वळणावर अडकतो. ओठंगलेलं लव्हेंडर वेळेवर छाटा. फरशीच्या सांध्यातली सेंटिमीटरभर उंची माळ्याला जाणवत नाही, मणक्यात कॅन्सर असलेल्याला तो धक्का चांगलाच लागतो. ऑक्टोबरनंतर ओला पाला आणि शेवाळ रोज पाहायचं. रबरी नळी काम झालं की लगेच गुंडाळा, सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, कुठल्याही कट्ट्यावर ठेवू नका.

कधीतरी कुटुंब विचारतं, रक्षा इथल्या गुलाबाखाली टाकू का? इथे अस्थी दळून देतात, ती पूड दोन-तीन किलो भरते. तिच्यात मीठ भरपूर आणि ती तीव्र अल्कधर्मी, एका जागी ओतली तर झाड जळतं. अनेक संस्था परवानगीच देत नाहीत. तुम्ही होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका, व्यवस्थापकाकडे पाठवा. देणगीतून आलेल्या प्रत्येक रोपाला नावाची पाटी लावण्याची प्रथाही जपून. रोप मेलं की त्या घराला ती बातमी कोण सांगणार?

बोलण्याची सक्ती नसते. ‘आज कसं वाटतंय?’ हा प्रश्न त्यांना दिवसातून दहा वेळा विचारला जातो. माळ्याने ‘हा गुलाब किती छाटू?’ विचारलेलं चालतं, आवडतंही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. ओळखीच्या मराठी कुटुंबातलं कोणी दाखल आहे, हेसुद्धा नाही. आणि एखाद्याने वाफ्यातली स्ट्रॉबेरी किंवा घोटभर पाणी मागितलं तर आधी नर्सला विचारा. गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाच्या घशातून ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं.