आपलं माणूस दिसेल म्हणून

युद्धकाळातल्या खोट्या प्रचारावर लोकांचा विश्वास कसा बसला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. युद्धकाळातले प्रचारपट दाखवून झाले की कुणीतरी हमखास विचारतं, ‘एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांना हे खोटं खरं वाटलंच कसं?’ बरीच वर्षं मी सेन्सॉरशिप, भीती, सरकारी दडपण अशी उत्तरं देत आलो. ती चुकीची नव्हेत. पण आता मला वाटतं, प्रचार ऐकायला म्हणून कुणी जातच नव्हतं. लोक आपलं माणूस शोधायला जात होते.

‘द बॅटल ऑफ द सोम’ हा ब्रिटिश मूकपट घ्या. पहिल्या महायुद्धातली, फ्रान्समधल्या सोम नदीकाठची ही लढाई १ जुलै १९१६ रोजी सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये, तिकडे तोफा धडाडत असतानाच, हा चित्रपट थिएटरांत लागला. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं खपली. खंदकातून वर चढणारे सैनिक आणि जागीच कोसळणारे त्यांचे सोबती, हे त्यातलं सर्वांत गाजलेलं दृश्य मुद्दाम करवून घेतलेलं होतं. बाकीचं बरंचसं चित्रण मात्र खरं आहे. मला स्वतःला त्या बनावट दृश्यापेक्षा रस्त्याने चालत जाणाऱ्या तुकड्या जास्त अस्वस्थ करतात. माणसं वळून कॅमेऱ्याकडे बघतात, हसतात, हात हलवतात. अंधारात बसलेल्या बायका त्या चेहऱ्यांत आपला मुलगा, नवरा, भाऊ शोधत होत्या. पडद्यावर हसणारा पोरगा आता जिवंत आहे का, हे त्यांना कोण सांगणार? पण त्याने मागे हटू नये, त्याचं जाणं फुकट जाऊ नये, असं वाटायला त्यांना कुणाच्या भाषणाची गरज उरली नव्हती.

पुढे नाझी जर्मनीत हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने हीच ओढ रेडिओवर वापरली. १९३३ साली आलेल्या ‘फोक्सएम्फेंगर’ची, म्हणजे लोकरेडिओची, किंमत ७६ मार्क, तेव्हाच्या इतर रेडिओंच्या मानाने बरीच कमी. मॉडेलचा क्रमांक ३०१ होता, कारण ३० जानेवारीला हिटलर चॅन्सलर झाला होता. घरोघरी रेडिओ पोचले, पण दिवसभर भाषणं लावली तर लोक कान मिटतील, हे गोबेल्स ओळखून होता. म्हणून संगीत आणि करमणूक भरपूर. युद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबर १९३९पासून रविवारी सैन्यासाठी फर्माइशी गाण्यांची मैफल सुरू झाली. आघाडीवरचे जवान गाणी मागवत, घरच्यांचे निरोप वाचले जात, मूल झाल्याची बातमी बापाला रेडिओवरून कळे.

सरळसरळ बनावही होतेच. ३१ ऑगस्ट १९३९च्या रात्री पोलंडच्या सीमेजवळच्या ग्लायव्हिट्स या जर्मन गावातल्या रेडिओ केंद्रावर पोलिश हल्लेखोर असल्याचं भासवून जर्मनांनीच ताबा घेतला आणि पोलिश भाषेत निवेदन केलं. दुसऱ्या दिवशी पोलंडवर चढाई. पण लोकांना वर्षानुवर्षं युद्धाशी बांधून ठेवण्याचं काम त्या एका रात्रीपेक्षा रविवारच्या निरोपांनी अधिक केलं, असं माझं मत आहे.

१ सप्टेंबरलाच जर्मनीत परदेशी केंद्रं ऐकणं गुन्हा ठरलं. तिथली बातमी पसरवणाऱ्याला देहदंडही होऊ शकत होता. तरी लोक आवाज बारीक करून बीबीसी लावत. ती आपल्या बाजूचे पराभवही सांगते, म्हणून तिच्यावर विश्वास बसला होता. पुढे मॉस्कोहून जर्मन युद्धकैद्यांची नावं वाचली जाऊ लागली. हाही प्रचारच, नावांच्या आशेने लोकांनी उरलेलं ऐकावं म्हणून. ऐकणाऱ्यांपैकी काही जण ओळखदेख नसलेल्या घरांना पत्रं लिहीत : तुमचा मुलगा जिवंत आहे. स्वतःच्या हस्ताक्षरातलं ते पत्र म्हणजे गुन्ह्याचा कबुलीजबाबच.

पॅसिफिकच्या बाजूलाही तेच चाललं होतं. रेडिओ टोकियो अमेरिकी युद्धकैद्यांचे निरोप आपल्या प्रचारात मिसळून देई, घरच्या पत्त्यांसकट. अमेरिकेत शॉर्टवेव्ह ऐकणारी साधी माणसं वही-पेन्सिल घेऊन बसत. प्रचार कानाआड करत, नाव आणि पत्ता तेवढा टिपून घेत, आणि कधीही न भेटलेल्या आईबापांना पोस्टकार्ड टाकत.