आईचा डावा हात

मंगळवार, रात्री

आज आईला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी नेहमीचंच करून घेतलं: अंगठा आणि तर्जनी भरभर जुळवा, मूठ उघडा-मिटा, तळहात पालथा-उताणा करा. उजवा हात झरझर चालला. डावा मागे पडला, पण पूर्वी मध्येच थिजायचा तसा थिजला नाही. नुसता मांडीवर ठेवला तरी कापायचा, ते तर पूर्ण थांबलंय. मला किती बरं वाटलं!

उन्हाळ्यात आम्ही सगळ्यांनी कंपवातच (पार्किन्सन) धरला होता. चालताना तिचा डावा हात हलायचा नाही, त्याच पायातली चप्पल निसटायची. कंपवातही बहुधा एकाच बाजूनं सुरू होतो, तेव्हा वेगळं काही सुचणार तरी कसं? पण कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी वाढवूनही फरक पडेना, सकाळी डोकं दुखायला लागलं आणि आई गप्प गप्प झाली. कामाच्या मावशींशी बोलल्याशिवाय जिचा दिवस उजाडायचा नाही, ती तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायची. यावरूनच डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. उजव्या कपाळामागे मेनिंजिओमा निघाला. मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ, कॅन्सरची नव्हे, पण हळूहळू मोठी होत तिनं मेंदू आत रेटला होता. हालचालींची लय सांभाळणारे बेसल गँग्लिया कितीतरी खोल असतात, गाठ तिथवर पोचलीही नव्हती. नुसत्या दाबानं एवढं झालं.

गाठ काढायला आईला दाखल केलं, त्या वॉर्डात एक लहान मुलगा होता, त्याची गाठ लहान मेंदूत. त्याचा हात एरवी अगदी शांत असायचा. पाण्याच्या पेल्याकडे नेला की कापायला लागायचा, आणि पेला जवळ येईल तशी थरथर वाढायची. आईच्या अगदी उलट. गाठ कसली, हे सगळेच विचारतात. ती कुठे आहे, यावर माणसाच्या हातापायांचं काय होणार ते ठरतं, हे मला त्या दोघांकडे बघून कळलं.

तेव्हा रात्री जागताना पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या एका रुग्णाबद्दल वाचलं होतं. वय 38, क्षयरोगी, शरीराच्या फक्त डाव्या बाजूला कंपवातासारखा कंप. तो गेल्यावर ब्लॉक आणि मारिनेस्कू या डॉक्टरांना त्याच्या मेंदूत उजव्या बाजूला, सब्स्टॅन्शिया नायग्रा या खोलवरच्या छोट्या भागावर, क्षयाची छोटीशी गाठ सापडली. ते साल 1893. कंपवाताचं मूळ तिथेच असावं, हा तर्क डॉ. ब्रिसो यांनी त्यावरूनच 1895 मध्ये मांडला, आणि 1919 मध्ये डॉ. त्रेत्याकॉफ यांनी कंपवाताच्या रुग्णांत तिथल्याच पेशी नष्ट झालेल्या दाखवल्या. क्षयाच्या अशा गाठी आपल्याकडे आजही मेंदूत सापडतात. त्या माणसाला कुणी वाचवू शकलं नाही, पण आज आईची बोटं मोजून बघतात त्या विद्येत त्याचा वाटा आहे. त्याच्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

लेव्होडोपा आता हळूहळू कमी करून बंद करायची आहे, फिटची गोळी मात्र चालूच राहील. मेनिंजिओमा पुन्हा उगवू शकतो म्हणून ठरावीक काळानं एमआरआय. डावा पाय अजून थोडा ओढतोय, त्यासाठी फिजिओथेरपीवाल्या ताई घरी येणार आहेत. आईनं त्यांना सकाळी लवकर बोलवायला सांगितलंय, म्हणजे नंतर मावशींशी निवांत बोलता येईल.