कंपनीचा अधिक महिना

मोबाईल कंपनीचा महिना 28 दिवसांचा असतो हे आपण किती मुकाट्याने मान्य केलंय ना. 28 गुणिले 13 म्हणजे 364, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो, कंपनीचा दरवर्षी येतो, आणि अधिकात जावयाला अनारसे-बत्तासे द्यायचे तसं इथे वाण कंपनीला. 84 दिवसांच्या प्लॅनला सगळे बिनधास्त तीन महिन्यांचा म्हणतात, पण तो चारदा मारला तरी 336 च दिवस होतात, उरलेले 29 दिवस काय कबुतरं पाठवायची?

ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, जानेवारी 2022 मध्ये सांगितलं की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला रिन्यू होणारा प्लॅन ठेवायलाच हवा. ठेवलेत की. मला ते नेहमी ॲपमध्ये पार तळाला सापडतात.

हा सगळा हिशोब मला सासऱ्यांनी सांगितला. अण्णा सदाशिव पेठेतले, त्यामुळे त्यात नवल काही नाही. त्यांच्या प्लॅनमध्ये रोज दीड जीबी डेटा आहे आणि घरात तर वायफाय, मग तो डेटा संपणार कसा? तर रात्री साडेदहा वाजले की अण्णा फोनचं वायफाय बंद करतात आणि डेटावर कीर्तन लावतात, आवाज फुल, सासूबाई पांघरूण डोक्यावरून ओढून घेतात. पैसे भरलेत ना, मग बारा वाजता लॅप्स का होऊ द्यायचं?

मी म्हटलं अण्णा, 2024 च्या डिसेंबरात ट्रायने नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक पण द्यायला लावलेत, 365 दिवसांपर्यंत चालू शकतात, तुम्हाला तेच बरं, कीर्तन वायफायवर बघा. तर म्हणे, "वायफायवर काय बघायचं, ते तर कितीही आहे!"

कितीही म्हणजे तसं कितीही नाही, अनलिमिटेडच्या खाली बारीक अक्षरात 3300 जीबी वगैरे लिहिलेलं असतं, पण तेवढं आमच्याकडे कुणाच्याने संपणार नाही म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जाहिरातीतल्या आकड्यावर मागून 18 टक्के जीएसटी चढतो त्याची. आणि 100 एमबीपीएस म्हटलं की लोकांना वाटतं सेकंदाला 100 एमबी उतरणार, ते बिट असतात हो, आठाने भागा, साडेबारा.

आणि पेठेत ते साडेबारा सुद्धा या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबत येतात. गणपतीच्या दिवसांत कुणाचा तरी उंच देखावा आडवा येतो, कुणीतरी केबल कापतं, राऊटरवर लाल दिवा लुकलुकायला लागतो. फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, सर राऊटर एकदा ऑफ-ऑन करून बघा. अगं बाई, वायर खाली मांडवावर पडलीये, मला इथून दिसतीये!

त्या दिवशी मात्र अण्णांचा भाव वधारतो. सगळ्या घराला ते हॉटस्पॉट देतात, पासवर्ड कागदावर लिहून नाही, एकेकाच्या फोनमध्ये स्वतः टाकून. अट एकच, व्हिडिओ लावायचे नाहीत, रात्री कीर्तनाला पुरलं पाहिजे.