मोनॅकोची टॉफी, मारीचं पुडिंग: वहीतल्या नोंदी

यंदाचा उन्हाळा मोनॅको बिस्किटांच्या टॉफीवर गेला आणि पावसाळा मारीच्या पुडिंगवर. या प्रयोगांचं पुढे काय झालं असं बरेच जण विचारत होते, म्हणून ओट्याशेजारच्या वहीत खरडलेलं जरा सावरून लिहितोय.

नव्या मंडळींसाठी आधी मूळ कृती. अमेरिकेत ख्रिसमसच्या सुमारास एक टॉफी घरोघरी होते. सॉल्टीन नावाची चौकोनी खारी क्रॅकर्स ट्रेमध्ये एकाला एक चिकटून मांडायची, एक कप बटर आणि एक कप ब्राऊन शुगर तीन मिनिटं उकळून वर ओतायची, ट्रे 175 अंशांवर ओव्हनमध्ये फसफसू द्यायचा, बाहेर काढून चॉकलेट पसरायचं आणि गार झाल्यावर हाताने तोडायचं. तिकडे ज्यू घरांत पासोव्हरच्या सणाला हाच प्रकार मात्झोवर, म्हणजे बिनखमिराच्या कडक पातळ पोळीवर करतात. आपल्या ठाण्यातल्या टेंभी नाक्याचं सिनेगॉग 1879 सालचं आहे आणि बेने इस्राएली, म्हणजे इथली ज्यू मंडळी पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आलीत. मात्झो मिळवण्याचा धागा तिथून जुळतो का, ते बघतोय. तोवर आपलं मोनॅको झिंदाबाद.

मोनॅको

मोनॅको गोल असतं, त्यामुळे कितीही घट्ट मांडलं तरी मध्ये फटी राहतात आणि पाक त्यातून खाली उतरतो. फटींमध्ये तुकडे दाबून बसवायचे, भुगा नको. भुगा पाक पिऊन टाकतो आणि तिथे नुसता दगड तयार होतो. शिवाय बिस्किटालाच भोकं असतात. भाजताना वाफ निघून जावी, बिस्कीट पुरीसारखं टम्म फुगू नये म्हणून ती पाडलेली असतात, पण आपल्या कामात तीच भोकं पाकाला वाट करून देतात. म्हणून खाली कागद हवाच, आणि तोही बघून घ्या. जांभळी नाक्याला ‘बटर पेपर’ म्हणून जो स्वस्त गुंडाळा मिळतो तो उकळत्या पाकाला असा धरतो की टॉफीबरोबर कागदही खावा लागेल. सिलिकॉनचा थर असलेला पार्चमेंट मागा, किंवा सरळ सिलिकॉनची चटई वापरा.

मोनॅको मिठाची बाजू खाली करून मांडायचं. खाताना तीच बाजू जिभेवर टेकते, आधी खारट लागतं आणि मागून पाकाचा गोडवा येतो. मीठ वर ठेवलं तर ते पाकात विरघळून जातं आणि सगळीच चव सपाट होते. मोनॅकोबरोबर बिनमिठाचं बटर घ्या. नेहमीचं खारं अमूल आणि मोनॅको एकत्र आले की दुसऱ्या तुकड्यालाच पाणी मागावं लागतं. मारी किंवा पार्ले-जी असेल तर मात्र खारं अमूलच छान.

तुपावर करून बघायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. बटरमध्ये थोडं पाणी आणि दुधाचा अंश असतो आणि त्याच्या आधाराने साखर-स्निग्ध मिळून येतात. तुपात ते दोन्ही नसतं, त्यामुळे पाक फाटतो, तूप वर तरंगतं आणि खाली रवाळ साखर बसते. बटरवरही पाक फाटू लागला तर गॅस बारीक करून चमचाभर कडकडीत पाणी घालायचं आणि न थांबता घोटायचं, बहुतेक वेळा परत जुळून येतो. साईचं घरचं लोणी चालतं, पण ताक पूर्ण निघेपर्यंत धुतलेलं हवं, नाहीतर तो ताकाचा अंश तळाला करपतो.

पाक

खरी गोम इथे आहे. ‘तीन मिनिटं उकळा’ हे वाक्य त्यांच्या भांड्याला, त्यांच्या शेगडीला आणि त्यांच्या डिसेंबरच्या कोरड्या हवेला धरून लिहिलेलं आहे. आपल्या गॅसवर, जाड बुडाच्या पातेल्यात आणि खाडीकाठच्या या दमट हवेत तीन मिनिटांत पाक कधी लोण्यासारखा मऊ राहतो, कधी पार पुढे गेलेला असतो.

ऐरोलीची आत्या संक्रांतीला चिक्की करते. तिच्यासमोर मी मोबाईलवर टायमर लावला, तर म्हणाली, “अरे, मिनिटं कसली मोजतोस? वाटीत पाणी घे.” पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. बोटांत नरम गोळी झाली तर पाक साधारण 115 अंशांना आहे. गोळी दाबायला जोर लागला तर 125 च्या आसपास. आणि थेंब काचेसारखा होऊन ताटलीवर टाकल्यावर टण्‌ वाजला, तर तो 150 ला टेकलाय, चिक्कीचा पक्का पाक. थर्मामीटर माझ्याकडे आहे, पण त्याचं टोक पातेल्याच्या बुडाला लागलं की तो खुशाल थापा मारतो. आणला की आधी उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. ठाणं समुद्रसपाटीला लागून आहे, तेव्हा त्याने 100 च दाखवायला हवं. पाण्याच्या वाटीला असली तपासणी लागत नाही.

मी आता गॅसवर कडक गोळीपर्यंतच नेतो आणि उरलेलं काम ओटीजीवर, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनवर सोडतो. टण्‌ वाजेपर्यंत गॅसवर ठेवला तर ओतता ओतताच आळतो, पसरत नाही. ओटीजीत 175 वर साधारण दहा मिनिटं, सगळीकडून बुडबुडे येईपर्यंत. लहान ओटीजीत कांडीजवळची बाजू लवकर लाल होते, म्हणून अर्ध्यात ट्रे फिरवायचा. मग त्या ट्रेमधलाच थेंब पुन्हा पाण्यात. टण्‌ वाजला की बाहेर.

प्रमाण माझ्या छोट्या ट्रेपुरतं: बटर 100 ग्रॅम, साखर 75, गूळ 25, वरून डार्क कंपाऊंड चॉकलेट 150. ब्राऊन शुगर शोधत हिंडायची गरज नाही, हा थोडासा गूळ तेच काम करतो. नुसत्या गुळावर केलेली टॉफी चवीला फार सुरेख, अगदी खमंग होते, पण गुळात मुळातच ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटं झालेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि टॉफी दाताला चिकटते. नुसत्या गुळाचीच करायची तर चिक्कीचा गूळ घ्या, साधा नको. ओतायच्या क्षणी चिमूटभर खायचा सोडा घातला की पाक फेसाळतो आणि टॉफी जाळीदार, हलकी मोडते. चिमूटच. जास्त झाला की साबणाची चव येते.

चॉकलेटबद्दल थोडं बोलून घेतो, कारण यावर दरवेळी वाद होतो. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात दुपारी माझ्या स्वयंपाकघरात काय असतं ते तुम्हीच बघा. त्यात ते नीट आळायला टेंपरिंगची, म्हणजे मोजून गरम-गार करण्याची कसरत करावी लागते. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, ते वितळवून ओतलं की मुकाट्याने आळतं. चवीला खरं चॉकलेट सरस, यात वाद नाही. थंडीत मी तेच वापरेन. मार्च ते ऑक्टोबर कंपाऊंड.

सादळ

जून लागला आणि टॉफीची तकतकी तासाभरात घामेजायला लागली. पाकाने हवेतली ओल ओढायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? उपाय एवढेच: टॉफीच्या दोन्ही बाजू आणि मोडलेल्या कडासुद्धा चॉकलेटने बंद करायच्या, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायच्या, आणि डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. फ्रीजमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर तुकड्यांवर दव जमतं आणि सगळी मेहनत पाण्यात. बिस्किटंच सादळलेली असतील तर मांडण्याआधी 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं ओटीजीत ठेवून गार करायची. पाकाखाली सादळलेलं बिस्कीट पुन्हा कधीच कुरकुरीत होत नाही.

पण मला विचाराल तर पावसाळ्यात टॉफीच्या नादाला लागूच नये. बिस्कीट मऊ पडणं हीच ज्यांची मजा आहे असे प्रकार करावेत. गोव्याकडे सेरादुरा नावाचं पुडिंग करतात: घट्ट फेटलेलं क्रीम, त्यात कंडेन्स्ड मिल्क, आणि मारीचा अगदी बारीक भुगा, ग्लासात एकावर एक थर. पोर्तुगीजांबरोबर फिरलेला पदार्थ, मकावमध्येही तो आहे. मारी मात्र लंडनची. पीक फ्रीन्स या बिस्कीट कंपनीने 1874 मध्ये रशियाच्या मारिया अलेक्सांद्रोव्हनाच्या लग्नानिमित्त काढलेलं बिस्कीट. क्रीम, वाटी आणि रवी तिन्ही गार हवीत, भर पावसात क्रीम फेटताना वाटी बर्फाच्या पाण्यात ठेवा. भुगा कोरडा भाजून घेतला तर पहिले दोन तास थोडा कुरकुरीत राहतो, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर केकसारखा होतो. मला रात्रभरवाला आवडतो. थरात चिमूटभर मोनॅकोचा चुरा मिसळलात तर गोडाचा कंटाळा येत नाही.

सफरचंदाविना सफरचंद

ही नोंद गंमत म्हणून. अमेरिकेत रिट्झ क्रॅकर्स 1934 मध्ये आली आणि त्यांच्या खोक्यावर पुढे बरीच वर्षं एका पायची कृती छापलेली असायची, ज्यात सफरचंद नावालाही नाही. तीच युक्ती साध्या सोडा क्रॅकर्सवर एकोणिसाव्या शतकातही होती. क्रॅकर्स साखरेच्या पाकात टाकायची, क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पावडर), लिंबाचा रस, किसलेली साल आणि दालचिनी घालून पायच्या कवचात भाजायची. बिस्कीट पाकात मऊ पडून फोडीसारखं होतं, आंबटपणा आणि दालचिनी मिळून जिभेला गंडवतात.

मी कवचाच्या भानगडीत न पडता काचेच्या भांड्यात केलं, वरून लोण्यात परतलेला मारीचा चुरा. क्रॅकर्स पाकात घातल्यावर ढवळायचं नाही, भांडं फक्त हलवायचं, नाहीतर खळ होते. सोसायटीतल्या पोरांनी बिनतक्रार ‘अ‍ॅपल’ म्हणून संपवलं. शेजारच्या काकूंनी मात्र पहिल्याच चमच्याला विचारलं, “अरे, यात बिस्कीट आहे ना?” मुरलेल्या जिभेपुढे काही चालत नाही. आणि गणपतीच्या आसपास हिमाचल-काश्मीरची सफरचंदं ढिगाने आलेली असताना हे पुन्हा करण्यात काही अर्थही नाही.

आता

दिवाळीच्या आधी बेकरीच्या खारीवर टॉफी करायची आहे. नौपाड्यातून ताजी आणून एक ट्रे करून बघितला, तर पापुद्र्यांनी सगळा पाक आत ओढून घेतला आणि वरचा थर उरलाच नाही. आतून मात्र अशी काही खुसखुशीत झाली की सोडवत नाही. पुढच्या खेपेला खारी आडवी चिरून, चिरलेली बाजू आधी पातळ चॉकलेटने बंद करून, मग त्यावर पाक. बेकरीच्या जिरा बटर बिस्किटांवर कोणी टॉफी केली असेल तर पाक गोळीवर काढला की टण्‌पर्यंत नेला, एवढं कळवा.