चौथा शनिवार, शिरोडा आणि नानांची तिरफळं

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

सगळे झोपलेत, मुलांच्या पायाची वाळू अजून सोफ्यावर आहे, उद्या झाडेन. आत्ता लिहून नाही ठेवलं तर राहूनच जाईल.

आज चौथा शनिवार. मी बँकेत, त्यामुळे आमच्या घरात महिना तारखेने चालत नाही, दुसरा शनिवार आणि चौथा शनिवार असा चालतो. 2015 च्या सप्टेंबरपासून हे दोन शनिवार पूर्ण सुट्टी झाले, त्याआधी शनिवारी अर्धा दिवस असायचा खरा पण घरी पोचेपर्यंत तीन वाजायचे आणि मग कुठे जाणार. दुसरा शनिवार घरकामात जातो, दळण, कपडे, मुलांची पुस्तकं, पण चौथा बाहेर म्हणजे बाहेर. लांब नाही, रात्री घरी परत, आणि दुपारचं जेवण कुठल्यातरी छोट्या खानावळीत. लोक मुंबई-पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आपल्याकडे समुद्र बघायला येतात आणि आपण कुडाळात बसून, तासाभरावर समुद्र असून, महिना महिना तो बघत नाही. हे मला फार लागायचं, म्हणून चौथा शनिवार मी हट्टाने सुरू केला आणि हट्टानेच धरून ठेवलाय.

नाना, म्हणजे माझे सासरे, आजपर्यंत एकदाही आले नव्हते. दर वेळी त्यांचं एकच, "घराकडे गावता ता हॉटेलात जावन कित्याक खावचा?" रागाने नाही म्हणायचे, पण त्यांच्या मनात ते घट्ट बसलेलं आहे की बाहेर जेवायला जाणं म्हणजे घरातल्या बाईच्या हाताला नाव ठेवणं. आणि नाना नाही तर आईपण नाही, त्यांना एकटं ठेवून कशी येऊ म्हणायच्या. मग आम्ही चौघं जायचो, यांचा शाळेतला मित्र, त्याची बायको आणि मुलगी यायची, मजा यायची, पण परत येताना दर वेळी मला घरी राहिलेली दोघं आठवायची.

या वेळी ताई आली होती भाऊबीजेला, माझी नणंद, मुंबईहून, मुलाला घेऊन. तिने काल रात्री पोळ्या लाटता लाटता सहज म्हटलं, नाना, मी परवा जाणार, उद्या सगळे मिळून जाऊया ना. नाना काही बोलले नाहीत. सकाळी आठ वाजता बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून खळ्यात उभे. मी काही विचारलं नाही, गुपचूप जाऊन आईंची साडी काढून दिली.

खरं सांगायचं तर सगळ्यांची जीभ माशासाठी आसुसलेली होती. 1 जून ते 31 जुलै 61 दिवस मासेमारी बंद, तेव्हा सुका बांगडा नाहीतर सोड्यावर काढायचे. बंदी उठते आणि आईंचा श्रावण येतो, मग गणपती, मग नवरात्र, आणि आत्ताची दिवाळी. आमची दिवाळी म्हणजे तशी पोह्यांचीच, चावदिसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, पहाटे अंगणात कारीट फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग पोहेच पोहे, गोडे पोहे, दह्यातले पोहे, बटाट्याचे पोहे, शेजारच्या चार घरात जाऊन परत पोहे. मला फार आवडतात, पण चार दिवस झाल्यावर माणसाला आमटी-भात आणि तळलेली तुकडी दिसायला लागते.

दोन गाड्या निघाल्या, मठमार्गे वेंगुर्ल्याकडे. भात कापायला आलंय सगळीकडे, काही ठिकाणी कापून आडवं केलंय आणि परवाच्या पावसाने भिजलंय, नाना खिडकीतून तेच बघत होते, कोणाचं भिजलं, कोणाचं वाचलं. वेंगुर्ल्यात थांबलोच नाही, पर्यटकांच्या गाड्यांनी बाजार भरलेला. मोचेमाडच्या वळणावर मात्र उतरलो, खाली खाडी, माड, आणि पलीकडे समुद्राची पांढरी रेघ. तिथे आई म्हणाल्या की मी लग्नानंतर एकदा इथून गेले होते एसटीने, उभ्याने, काही दिसलंच नव्हतं.

आरवलीला वेतोबाचं दर्शन घेतलं. ताईने केळ्यांचा घड आणला होता, वेतोबाला केळी देतात आणि चामड्याची वहाण. ती वहाण एवढी मोठी की ताईचा मुलगा बघतच राहिला. नानांनी त्याला सांगितलं की देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, राखण करतो, म्हणून वहाणा झिजतात. मुलाने विचारलं, रोज रात्री? नाना म्हणाले, रोज. तो नंतर गाडीत बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, पावसात पण? मला ते फार आवडलं.

पुढे शिरोड्याला मिठागरांच्या बाजूने गेलो. आत्ता तिथे नुसतं पाणी आहे, मीठ व्हायला ऊन तापायला हवं. नानांनी गाडी हळू करायला लावली आणि तिन्ही मुलांना सांगितलं की गांधीजींनी दांडीला मीठ उचललं एप्रिल 1930 मध्ये आणि पुढच्याच महिन्यात इथे, या शिरोड्यात, लोकांनी सत्याग्रह केला आणि लाठ्या खाल्ल्या. मोठा म्हणाला आमच्या पुस्तकात फक्त दांडी आहे. नाना म्हणाले, म्हणून तर दाखवतोय.

वेळागरच्या किनाऱ्यावर दोन तास. सुरुच्या बनात चटई टाकली, मुलं पाण्यात, बाप त्यांच्यावर लक्ष ठेवून, आम्ही तिघी बायका आणि आई नुसत्या बसलेल्या. नुसतं बसणं हे मी किती दिवसांनी केलं. ताई तिच्या ऑफिसचं सांगत होती, लोकलचं, घरमालकाचं, आणि मध्येच थांबून म्हणाली की वहिनी, हे सगळं इथे बसून सांगताना एवढं मोठं वाटत नाही गं.

आणि आता जेवण, ज्याच्यासाठी लिहायला बसलेय.

खानावळ म्हणजे काय, एका घराचा पुढचा भाग, सहा टेबलं, मेनूकार्ड नाही. मागच्या वर्षी हायवेवर एका मोठ्या ठिकाणी गेलो होतो, छान लाइटिंग, तीन पानी मेनू, दीड तास थांबवलं आणि मासा आला तो शिळा, मुलीला रात्री उलट्या. तेव्हापासून मी ठरवलंय की जिथे आधी कच्चा मासा बघायला मिळतो तिथेच बसायचं. इथल्या काकी ताट घेऊनच बाहेर आल्या, "इस्वण आसा, बांगडे आसत, सौंदाळे आसत. पापलेट आज गावाक नाय." इस्वण म्हणजे सुरमई. नाही ते नाही म्हणून सांगितलं, तिथेच माझा विश्वास बसला. नाना उठले, एका बांगड्याचे गाल बोटाने उघडून कल्ले बघितले, लाल, पोटाला दाबून बघितलं, आणि काहीच न बोलता परत येऊन बसले. म्हणजे पास. चार सुरमई थाळी, सात बांगडा थाळी. "मासे आता तव्यार टाकतंय, वायच येळ लागतलो," काकी म्हणाल्या.

आधी सोलकढी आली. कितीतरी ठिकाणी सोलकढी म्हणजे गुलाबी सरबत असतं, भडक, बघूनच कळतं रंग कशाचा आहे. ही फिकट, जांभळटाकडे झुकणारी, नारळाच्या रसात कोकमाचं आगळ घातलेली, वर लसणीचा आणि हिरव्या मिरचीचा वास. आईंनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, पहिल्या रसाची आहे. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी तरी ऐकलेली नाही.

मग ताटं यायला लागली आणि काकींनी पहिलं ताट आईंसमोर ठेवलं. तुकडी तव्यावरून थेट आलेली, कडेला रवा करकरीत, मसाल्यात तेल अजून चुरचुरत होतं. आई ताटाकडे बघत बसल्या. आणि म्हणाल्या, "तुमी जेवा, मी मागसून बसतंय."

हॉटेलात! टेबलावर बसलेल्या असताना!

कोणी हसलं नाही. माझ्या पोटात एकदम कालवलं. घरी मासे तळताना आई चुलीपाशी उभ्या असतात, पहिला घाणा मुलांना, दुसरा नानांना आणि यांना, तिसरा मला, मी कितीही म्हटलं तरी मला आधी बसवतात, आणि शेवटी तव्यावर उरलेला मसाला भातात कालवून स्वतः जेवतात, बाजूला डोक्याकडची एक तुकडी. वीस वर्षं तरी मी हे बघतेय आणि त्याआधी पंचवीस वर्षं ताईने बघितलंय. गरम तुकडी त्यांनी आयुष्यात किती वेळा खाल्ली असेल, मला मोजता येईल इतक्या वेळा पण नाही.

आणि तेवढ्यात नाना म्हणाले, "जेव गो. थंड होतला." तेवढंच. स्वतःच्या समोर ताट अजून आलंपण नव्हतं. आईंनी तुकडी मोडली, वाफ आली, सवयीने अर्धी बाजूला बसलेल्या नातवाच्या ताटात टाकायला हात गेला आणि ताईने तो हात हळूच धरून परत त्यांच्याच ताटात ठेवला. मग जेवल्या, अगदी सावकाश. त्यांना मासा खाताना मी पहिल्यांदा नीट बघितलं, काटा किती सफाईने काढतात, एक कण मांस वाया नाही.

मित्राची बायको माझ्या कानात म्हणाली, डोळे पूस आणि जेव, तुझा पण थंड होतोय.

बांगड्याचं तिखलं होतं सोबत, घट्ट, तिरफळ घातलेलं. ताईच्या मुलाने तिरफळ चावलं, जीभ बधिर झाली म्हणून घाबरला, नानांनी त्याला भात खायला लावला आणि सांगितलं की तिरफळ खायचं नसतं, ते वासासाठी असतं, बाजूला काढायचं. काकी भात वाढायला आल्या तेव्हा नानांनी सांगून टाकलं, तिखला बरा झालाहा पण तिरफळां कमी पडली. मला वाटलं आता त्या बाईंना राग येणार. त्या म्हणाल्या, "संपली हो. औंदा बाजारात बरी गावाक नाय." नाना लगेच, "आमच्या परड्यात झाड आसा. मी हाडून देतंय." मग किती वेळ दोघं तिरफळावरच बोलत होती, ओली चांगली की वाळवलेली, बांगड्याला किती, तारल्यांना किती, आणि सुरमईला घालायचीच नाहीत यावर दोघांचं एकमत. आम्ही दुसऱ्यांदा भात घेतला तरी त्यांचं चालू.

अकरा माणसांचं बिल 3,120 झालं. एवढ्यात मुंबईत आम्ही चौघं जेवतो, ताई म्हणाली. येताना काकींनी आईंच्या हातात आगळाची छोटी बाटली दिली, पैसे घेतले नाहीत.

परतीला सगळी मुलं झोपली. आई पुढे बसल्या होत्या, खिडकी उघडी ठेवून, मोचेमाडला मी गाडी थांबवू का विचारलं तर म्हणाल्या नको, पण हळू घे.

सोमवार, सकाळ

घाईत आहे, नऊची गाडी पकडायचीय. ताई काल रात्री गेली, घर रिकामं वाटतंय.

एवढंच लिहायचं होतं की आत्ता बाहेर आले तर नाना ओटीवर सूप घेऊन बसलेत. परड्यातली तिरफळं वाळत घातली होती ती सगळी काढलीत, एकेक फोडून काळी बी बाजूला टाकतायत आणि सालं तेवढी बिस्किटाच्या जुन्या डब्यात. मी विचारलं एवढी कशाला, घरात वर्षभर पुरतील एवढी आहेत की. वर न बघता म्हणाले, घराक वेगळी ठेवलंय. डबा अर्धा भरलाय.