'विनाकारण शिवीगाळ'चं इंग्रजी

छत्रपती संभाजीनगरला एका वकील मॅडमच्या ऑफिसात मी मराठी कागदपत्रांचं इंग्रजी करते. राज्यघटनेच्या कलम 348 मुळे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून तालुक्याच्या ठाण्यात घेतलेला जबाब खंडपीठापुढे जायच्या आधी माझ्या टेबलावर येतो.

पहिल्याच महिन्यात एका फिर्यादीत ओळ होती, 'आरोपीने मला विनाकारण शिवीगाळ केली.' मी लिहिलं, 'ही अननेसेसरिली अब्यूज्ड मी.' मॅडमनी त्या शब्दाभोवती गोल केला. "मग गरजेपुरती शिवीगाळ किती चालली असती गं?"

क्षणभर मला कळेना. मग कळलं आणि फार लागलं. अननेसेसरिली म्हटलं की थोडी शिवीगाळ गरजेची होती, त्याने जास्त केली, असाही अर्थ निघतो. फिर्यादी बाईचं म्हणणं होतं की मी काहीच कुरापत काढली नव्हती. तिथे 'विदाउट एनी प्रोव्होकेशन' हवं होतं. माझ्या एका शब्दाने तिचा जबाब पातळ झाला असता.

त्या दिवसापासून वही केली. कागदात उगाच, नाहक, फाजील, अवाजवी असं काही दिसलं की अख्खी ओळ उतरवून घ्यायची. चार-पाच महिन्यांत माझी मीच शिकत गेले. 'नाहक जीव गेला' इथे नीडलेसली चपखल बसतो, कारण त्यात टळू शकलं असतं ही हळहळ आहे. 'अवाजवी विलंब' आला की अनड्यूली; ड्यू म्हणजे वाजवी, 1872 च्या करार कायद्यातल्या 'अनड्यू इन्फ्लुअन्स'मधला तोच. एक्सेसिव्हली मात्र मापाचा शब्द. जामिनाची रक्कम एक्सेसिव्ह नसावी असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 440 मध्येच होतं, आणि तिथे प्रश्न किती रुपये हाच असतो. मी एकदा 'अननेसेसरिली एक्सेसिव्ह' लिहून बसले होते. मराठीत 'उगाच फार' खपून जातं, पण एक्सेसिव्हमध्ये गरजेपेक्षा जास्त हे आलेलंच आहे.

सगळ्यात आवडला तो ग्रॅच्युइटसली. लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'मोफत' या अर्थाचं. आपण नाही का म्हणत, फुकटचा अपमान केला! कुणी न मागता, कशाच्या बदल्यात नसताना पदरात टाकलेलं. दोन्ही भाषा एकाच जागी पोचलेल्या बघून मला त्या दिवशी खरोखर आनंद झाला.

जागेचं वळण लागायला सर्वात वेळ लागला. आपला 'उगाच' वाक्यात कुठेही बसतो. इंग्रजीत 'द हिअरिंग वॉज अननेसेसरिली डिलेड', म्हणजे ज्याला चिकटायचं त्याच्या अगदी अलीकडे.

गेल्या आठवड्यात एका आजींचा जबाब आला. भांडण झालं तेव्हा तुम्ही तिथे काय करत होता, याला त्यांचं उत्तर, 'मी उगाच दारात उभी होते.' वहीतला एकही शब्द इथे चालणार नव्हता. अननेसेसरिली लिहिलं असतं तर आजींनी स्वतःवरच ठपका ठेवल्यासारखं झालं असतं. त्या नुसत्या उभ्या होत्या, संध्याकाळी माणूस उभा राहतो तशा. मी लिहिलं, 'आय वॉज जस्ट स्टँडिंग अॅट द डोअर.' मॅडमनी वाचलं आणि पान उलटलं.